झटका कधीपासून येत होता

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता ग्वाल्हेरमधल्या एका मोशन कॅप्चर स्टुडिओत मला फेफरे आले. सुरुवात डाव्या हाताच्या बोटांपासून झाली. झटके मनगटातून खांद्यापर्यंत चढले, मान डावीकडे वळली आणि मी खाली पडलो. हे सगळे एक मिनिट बावन्न सेकंद चालले. हा आकडा अंदाजाचा नाही. त्या वेळी छताखालचे चोवीस कॅमेरे चालू होते आणि माझ्या अंगावर नोंदणीचा सूट होता.

मला आठवते ते हातापर्यंतच. त्यानंतर थेट छत, तोंडात रक्ताची चव आणि नाकाशी कोणीतरी धरलेला बूट. फेफरे आलेल्या माणसाला जोडा हुंगवायचा, हा उपाय आमच्या भागात अजून केला जातो. जीभ चावली गेली होती. सूट ओला झाला होता. तो सूट स्टुडिओत सगळे आळीपाळीने वापरतात. त्या दिवशी तो कोणी धुतला हे मी विचारले नाही.

*

कामाबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे त्याशिवाय कळणार नाही.

व्हिडिओ गेममधली माणसे लढतात तेव्हा त्यांच्या आधी कोणीतरी खरोखर लढलेले असते. लढणारा अंगाला घट्ट बसणारा काळा सूट घालतो. सूटवर प्रत्येक सांध्याशी चकाकणारे छोटे गोळे चिकटवलेले असतात. कॅमेऱ्यांना माणूस दिसत नाही, फक्त गोळे दिसतात. त्या गोळ्यांवरून संगणक पडद्यावर एक सांगाडा उभा करतो आणि परदेशातली गेम कंपनी त्या सांगाड्यावर सैनिक, राक्षस, जे हवे ते चढवते. लढाया बसवणे, लढणारे निवडणे, वेळापत्रक सांभाळणे आणि शेवटी हालचालींवर सही करणे हे माझे काम आहे. ते मी अकरा वर्षे करतो. त्याआधी पाच वर्षे एका हिंदी दैनिकात उपसंपादक होतो. लाठी आणि दांडपट्टा लहानपणी लश्कर भागातल्या एका मराठी मंडळाच्या आखाड्यात शिकलो. स्टुडिओ म्हणजे शहराबाहेरचे एक जुने गोदाम आहे. दाल बाजारातल्या एका व्यापाऱ्याने ते आम्हाला भाड्याने दिले आहे.

आमच्याकडे ‘झटका’ हा शब्द दिवसातून वीस वेळा उच्चारला जातो. एखादा गोळा कॅमेऱ्याला क्षणभर दिसला नाही, की पडद्यावरच्या सांगाड्याचा हात फडफडतो. तो झटका. तो साफ करायचा असतो. जशी नोंद होते ती कच्ची फाइल, साफ केल्यावरची पक्की. कंपनीला पक्की जाते. कच्ची महिन्याभराने पुसून टाकतात.

नवी लढाई बसवताना पहिली नोंद सूट घालून मी स्वतः करतो. ऑक्टोबरपासून माझ्या डाव्या हाताच्या नोंदीत झटके येत होते. फाइली साफ करण्याचे काम इमरान करतो. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, बोलायला तिखट.

“सर, आपका बायाँ हाथ फिर नाच रहा है।”

“गोला ढीला होगा।”

“चारों गोले एक साथ ढीले?”

“तो कैमरे देख। रोज़ देखता है कि नहीं?”

त्याने कॅमेरे तीनदा तपासले. दोष सापडला नाही. चौथ्यांदा त्याने तक्रार केली तेव्हा मी त्याला लेखी समज दिली की उपकरणांची देखभाल समाधानकारक नाही. त्याने सही करून ती घेतली आणि माझा हात साफ केला. पक्क्या फाइलीत हात अगदी स्थिर दिसत होता.

दोष कॅमेऱ्यांत नव्हता, हे मला माहीत होते. बोटे दहा-पंधरा सेकंद आपोआप उडत, मग हात थोडा वेळ बधिर राही. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. नोव्हेंबरमध्ये घरी चहाचा कप हातातून पडला. माझी पत्नी मेधा शाळेत गणित शिकवते. ती समोरच होती.

“काय झालं?”

“कप ओला होता.”

“कोरडा होता. मीच पुसून दिला.” मग थोड्या वेळाने, “कोणाला तरी दाखवून दे ना एकदा. हात उडत होता तुझा.”

“उडत नव्हता. घसरला.”

तिने तुकडे गोळा केले. मी कपडे घालून स्कूटरवर कामाला गेलो.

*

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक लढाई नोंदवायची होती. दोन हातांनी धरायची लाकडी तलवार, समोरची व्यक्ती निःशस्त्र. मार खाणारी कलाकार प्रीती होती. वय सव्वीस, वुशू ही चिनी युद्धकला खेळलेली, तीन वर्षे आमच्याकडे होती. मारणारा कलाकार त्या दिवशी तापाने आला नव्हता. सूट मी घातला.

आमच्या लढाया आकड्यांवर बसवलेल्या असतात. एकला मारणारा हत्यार उचलतो. दोनला मार खाणारा अंग काढतो. तीनला हत्यार रिकाम्या जागेतून जाते. हॉलच्या भिंतीवर मीच लिहून लावलेला नियम आहे: समोरचा हलला नाही, तर हात थांबवायचा. वाराची जबाबदारी नेहमी मारणाऱ्याची.

सहाव्या टेकला एक झाल्यावर माझ्या डाव्या हातात झटका आला. तलवार तीनऐवजी दोनला खाली आली. प्रीतीच्या उजव्या खांद्याजवळचे हासळीचे हाड मोडले. ती जमिनीवर बसली आणि तिने पहिला प्रश्न विचारला तो असा:

“सर, मैं दो पर ही थी न?”

मी म्हणालो, “ढाई पे निकलीं तुम।”

हे मी विचार करून बोललो नाही. पण त्यानंतरच्या दोन तासांत मला विचार करायला पुरेसा वेळ मिळाला, आणि मग मी अहवाल लिहिला. चार ओळी. वर्तमानपत्रात शिकलेली भाषा त्यासाठी उपयोगी पडली: कोणी काय केले हे न सांगता काय झाले ते सांगणारी. ‘कलाकाराकडून मोजणीत अर्ध्या अंकाचा विलंब झाला. तलवार खांद्यास लागली. तातडीने उपचार करण्यात आले. प्रकृती स्थिर आहे.’ इमरानला सांगितले, या टेकची कच्ची फाइल आजच पूस.

गेम कंपनीचा नियम असा की मोजणी चुकल्याची नोंद ज्याच्या नावावर आहे, त्याला हत्याराच्या लढाईत घ्यायचे नाही. प्रीतीच्या नावासमोर शेरा पडला. हाड सहा आठवड्यांत जुळले. काम परत मिळाले नाही. ती एका शाळेत मुलांना वुशू शिकवू लागली.

*

मंगळवारी दुपारी दोन वाजता मी एका खासगी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात होतो. न्यूरॉलॉजीच्या डॉक्टर पन्नाशीच्या, बुटक्या, भरभर बोलणाऱ्या. त्यांनी माझे दोन्ही हात समोर धरायला लावले, डोळे मिटायला लावले, नाकाला बोट लावायला लावले. मग कागद पुढे ओढला.

“झटके कब से आ रहे हैं?”

तोच शब्द. मी दिवसातून वीस वेळा वापरतो तो. आणि त्याचे खरे उत्तर ‘ऑक्टोबरपासून’ असे होते. पण ऑक्टोबर म्हटले की त्यात डिसेंबर येत होता.

“आज पहली बार,” मी म्हणालो.

“पहले कभी हाथ काँपा? सुन्न हुआ? चीज़ छूटी हाथ से?”

“नहीं।”

डॉक्टरांनी मेधाकडे पाहिले. “आपने कुछ देखा घर पे?”

मेधाने माझ्याकडे पाहिले. मी चादरीकडे पाहिले.

“नहीं,” ती म्हणाली.

कागदावर लिहिले गेले: पहिलाच झटका, पूर्वेतिहास नाही.

संध्याकाळी पाच वाजता मेंदूच्या एमआरआय तपासणीच्या नळीत अठ्ठावीस मिनिटे झोपून होतो. आत ठोकल्यासारखा आवाज येतो. सवयीने मी ठोके मोजत होतो आणि आकडा सतत चुकत होता. त्या अठ्ठावीस मिनिटांत मला गाठीची भीती वाटली, मरणाची वाटली, उजवा हातही जाईल याची वाटली. प्रीतीची आठवण आली नाही. हे नोंदवायला हवे.

सात वाजता निदान कळले. मेंदूत उजव्या बाजूला मटाराएवढा एक फोड होता आणि त्याभोवती सूज. फीतकृमी नावाच्या पोटातल्या किड्याचे अंडे रक्तातून डोक्यात जाऊन बसले होते. डॉक्टर म्हणाल्या, हा आजार आपल्याकडे भरपूर आहे, औषधाने बरा होतो, ऑपरेशन नाही. काही दिवस इथे राहायचे, मग घरी गोळ्या. स्कूटर नाही, शिडी नाही, एकट्याने पोहणे नाही.

“और क्या काम करते हैं आप?”

मी सांगितले.

“तो हथियार भी नहीं,” त्या म्हणाल्या.

*

आमचे घराणे मूळचे पौरोहित्य करणारे. घरात अंडेसुद्धा येत नाही. त्यामुळे वडिलांना, म्हणजे बाबांना, निदानापेक्षा त्याच्या कारणाचा धक्का अधिक बसला. ते पोस्टातून निवृत्त झालेले आहेत आणि हरिशंकरपुरममध्ये आमच्याबरोबर राहतात. बुधवारी सकाळी डबा घेऊन आले.

“खाणं खाल्लं का?” हे आधी. मग खुर्ची पलंगाजवळ ओढून हळू आवाजात, “किडा? डोक्यात? आपल्या घरात तर चातुर्मासात कांदापण बंद असतो.”

“बाबा, पत्तागोभी चातुर्मास नाही पाळत,” मेधा म्हणाली. “न धुतलेल्या भाजीतून येतो, पाण्यातून येतो. डॉक्टरांनी सांगितलं ना.”

“ते ठीक आहे. पण कोणाला सांगू नका. लोक काय समजतील, हा बाहेर काय काय खातो.”

दुपारी नया बाजारातून आत्या आली. तिला बाबांनी सांगितले, डोक्याला जराशी सूज आहे. आत्याने माझ्या उशीशी बसून विचारले, “खरं सांग, हैदराबादला ट्रेनिंगला होतास तेव्हा काय खाल्लंस?”

“इडली.”

“रोज?”

“रोज.”

“झूठा,” ती म्हणाली आणि डब्यातला लाडू माझ्या तोंडात घातला.

ज्यांच्या घरी हे निदान झाले आहे त्यांच्यासाठी: हा आजार खाण्यापिण्याच्या पापातून येत नाही. कोशिंबिरीतून येतो, पाणीपुरीतून येतो, कोणाच्याही न धुतलेल्या हातातून येतो. याची लाज बाळगण्याचे कारण नाही. मला लाज होती, पण ती याची नव्हती.

*

वॉर्डमध्ये आठ खाटा होत्या. सहा वाजता थर्मामीटर, साडेसहाला चहा, आठला गोळ्या, दहाला डॉक्टरांची फेरी. सलाईनमधून जाणाऱ्या औषधाने प्रचंड भूक लागते. बाबांचा डबा, आत्याचे लाडू आणि रुग्णालयाची खिचडी संपवूनही मी शेजारच्या खाटेकडे पाहत असे. तिथे मुरैन्याचे एक निवृत्त शिपाई होते. त्यांचा उजवा भाग लुळा पडला होता. त्यांच्या सुनेने मला विचारूनच टाकले, “भैया, हमारे पिताजी से आधी रोटी बचती है, दे दें?” मी घेतली.

ते गृहस्थ पहिल्या दिवशी म्हणाले, “तुम करते का हो?”

मी समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले.

“मतलब लड़ो तुम, और नाम कार्टून का?”

“जी।”

“फ़ौज में भी ऐसेई था,” ते म्हणाले आणि इतके हसले की नर्स धावत आली.

हे सगळे त्या दिवसांतले बरे क्षण आहेत, आणि ते घेताना मला बरे वाटत होते हेही खरे आहे.

गुरुवारी दुपारी इमरान आला. त्याने मोबाइलमध्ये मंगळवारची कच्ची फाइल आणली होती. त्याचा हेतू साधा होता: डॉक्टरांना दाखवली तर उपयोग होईल. त्याने मोबाइल माझ्यासमोर धरला. पडद्यावर राखाडी जमीन आणि एक सांगाडा. चेहरा नाही, कपडे नाहीत, आवाज नाही. डावा हात उडू लागतो, खांदा उडतो, मान फिरते, सांगाडा पडतो. जमिनीवर तो बराच वेळ हलत राहतो.

“शुरू का देखो सर,” इमरान म्हणाला. त्याने फाइल मागे नेली. “ये पहले दस सेकंड। ये वही झटका है। अक्टूबर वाला। दिसंबर वाला भी यही था।”

मी म्हणालो, “डॉक्टर को मत दिखाना।”

त्याने मोबाइल खिशात ठेवला. मग म्हणाला, “सूट मैंने धो दिया था,” आणि गेला.

*

शुक्रवारी दुपारी चार वाजता प्रीती आली. तिला कोणीतरी स्टुडिओतून कळवले होते. पिशवीत मोसंबी होती. मेधाशी तिची पहिलीच भेट; तिच्या अपघाताचे मेधाला माझ्याकडून कळले होते. ती खुर्चीवर न बसता पायथ्याशी उभी राहिली आणि सुरुवातीला कोणाचेही असते तसे बोलली: अशक्तपणा आहे का, घरी कधी सोडणार.

मग म्हणाली, “सर, एक बात बतानी थी। मैंने गिनती ठीक कर ली है।”

“मतलब?”

“वो दो वाली। मोबाइल पे टिक-टिक लगा के रोज़ सौ बार करती हूँ। अब एकदम दो पे निकलती हूँ। पहले मुझे पता ही नहीं था कि मैं लेट होती हूँ।” ती हसली. “स्कूल के बच्चे चिढ़ाते हैं, मैडम हवा से बच रही हैं।”

मी म्हणालो, “अच्छा है।”

तिने मोसंबी टेबलावर ठेवली, मेधाला नमस्कार केला आणि निघाली. हाड जुळल्यापासून ती कधीच न केलेली चूक सुधारत होती.

मेधा मोसंबी सोलायला बसली. एक सोलून झाल्यावर थांबली.

“डिसेंबरमध्ये तिला लागलं, तेव्हा पण तुझा हात उडाला होता का?”

मी मोसंबीची साले गोळा करू लागलो.

“सांग ना.”

“हो.”

“आणि तिला माहीत नाही.”

“नाही.”

“आणि मी डॉक्टरांसमोर तुझ्यासाठी खोटं बोलले, ते हे झाकायला?” तिचा आवाज वाढला नव्हता. “मला वाटलं तू घाबरलास. मी तर म्हटलं, घाबरलाय बेचारा.”

तिने डबे उचलले आणि धुवायला गेली. दोन डबे धुवायला तिला चाळीस मिनिटे लागली.

शनिवारी दहाच्या फेरीत डॉक्टर फाइल चाळत होत्या. मी बोलण्याआधी मेधा बोलली.

“मैडम, मैंने पहले दिन ग़लत बताया था। इनका हाथ मैंने नवंबर में देखा था। कप गिरा था।”

शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ माझ्याकडे पाहत होते. डॉक्टरांनी पेन काढले आणि माझ्याकडे वळल्या.

“अक्टूबर से,” मी म्हणालो. “हफ़्ते में एक-दो बार।”

“स्कूटर चलाते थे?”

“हाँ।”

“मैडम को पीछे बिठा के?”

“हाँ।”

त्यांनी आधीची ओळ खोडून नवी लिहिली. मी काहीतरी स्पष्टीकरण देऊ लागलो, तेव्हा त्यांनी हात वर केला. “मैं पुलिस नहीं हूँ। मुझे सिर्फ़ तारीख़ चाहिए।” मग झटके थांबवणाऱ्या गोळीचा डोस वाढवला, मला आणखी एक दिवस ठेवून घेतले आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

हा आजार असलेल्यांना माझ्याकडून देण्यासारखा सल्ला एवढाच आहे: डॉक्टर ‘कधीपासून’ विचारतात तेव्हा खरी तारीख सांगा. औषध त्या तारखेवरून ठरते.

*

सोमवारी घरी सोडले. त्यानंतर प्रीतीला सांगायला मला साडेपाच आठवडे लागले. या विलंबाला आजाराचे कारण नाही. चेहरा सुजला होता, झोप कमी झाली होती, चिडचिड होत होती, हे खरे आहे. पण मी फोन उचलू शकत होतो. रोज सकाळी मेधा शाळेत जाताना दारात विचारत असे, “आज?” मी म्हणत असे, “बघतो.” तिसऱ्या आठवड्यात तिने विचारणे बंद केले. ती जेवण वाढत होती, गोळ्यांच्या वेळा सांगत होती, आणि त्यापलीकडे माझ्याशी बोलत नव्हती. बाबांना वाटले, किड्यामुळे बोलत नाही. ते तिला समजावत, “अगं, धुतलेली भाजी खातो ना तो आता.”

मार्चच्या शेवटी दुसरी तपासणी झाली. फोड सुकत होता, सूज जवळपास गेली होती. डॉक्टर म्हणाल्या, काम सुरू करा, बसून. त्या दिवशी दुपारी मी रिक्षाने स्टुडिओत गेलो आणि इमरानला विचारले, डिसेंबरची सहाव्या टेकची कच्ची फाइल पुसली का.

“नहीं।”

“मैंने कहा था मिटा दो।”

“कहा था। पर उसके पहले आपने लिख के दिया था न कि मैं कैमरे नहीं देखता?” तो खुर्ची फिरवून माझ्याकडे वळला. “आपके बाएँ हाथ की सारी कच्ची फ़ाइलें रखी हैं मैंने। ग्यारह हैं। कभी नौकरी पे आती तो दिखाता।”

त्याला दिलेली समज मी त्याच दिवशी लेखी मागे घेतली. दुसऱ्या दिवशी चार वाजता शाळा सुटल्यावर प्रीतीला बोलावले.

आम्ही तिघांनी फाइल पाहिली. दोन सांगाडे समोरासमोर. इमरानने एक-एक चित्र पुढे नेले. एकला माझे हात वर जातात. मग डावे मनगट फडफडते. दोनला प्रीतीचा खांदा हलायला सुरुवात होते, आणि त्याच चित्रात तलवार त्या खांद्यावर पोहोचलेली आहे.

“फिर से,” प्रीती म्हणाली.

इमरानने चार वेळा दाखवली.

“मैं दो पर ही थी।”

“हाँ,” मी म्हणालो.

“आपको कब पता चला?”

“उसी दिन।”

ती पडद्याकडेच पाहत होती. “अस्पताल में भी पता था? जब मैं मौसंबी ले के आई?”

“हाँ।”

इमरान उठून पाणी आणायला गेला. मग ती म्हणाली, “लिख के दीजिए। हिंदी में। पापा को पढ़ाना है, वो चार महीने से बोल रहे हैं कि ध्यान कहाँ रहता है तेरा।”

मी तिथेच बसून लिहिले. पाच ओळी झाल्या. तिने वाचले आणि एका ओळीवर बोट ठेवले. मी लिहिले होते: ‘झटके के कारण तलवार प्रीती के कंधे पर लग गई।’

“सर, इसमें तो तलवार ने मारा है,” ती म्हणाली. “आप कहाँ हैं इसमें?”

मी ओळ खोडली. लिहिले: ‘मेरे हाथ में झटका आया और मैंने प्रीती के कंधे पर तलवार मारी। प्रीती दो पर थी।’ पुढच्या ओळीत ‘रिपोर्ट ग़लत थी’ असे होते. तिथेही तिचे बोट थांबले. मी ‘रिपोर्ट में मैंने झूठ लिखा’ असे केले. तिने खाली माझी सही घेतली, तारीख घालायला लावली, कागदाची घडी करून बॅगेत ठेवली आणि गेली. नमस्कार केला नाही.

संध्याकाळी मेधाला सांगितले. ती वह्या तपासत होती. तिने पेन खाली ठेवले नाही. “बरं,” म्हणाली. थोड्या वेळाने, “गोळी घेतली?”

*

त्याच मजकुराचे पत्र, कच्ची फाइल आणि रुग्णालयाचा सुधारलेला कागद मी दुसऱ्या दिवशी गेम कंपनीला पाठवला. कंपनीने दोन बैठका घेतल्या. प्रीतीच्या नावासमोरचा शेरा काढला गेला. हालचालींवर सही करण्याचा माझा अधिकार काढून घेण्यात आला. आता मी वेळापत्रक पाहतो. माझ्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ चालू आहेत. पुढची तपासणी सप्टेंबरमध्ये आहे. फेब्रुवारीनंतर झटका आलेला नाही.

एप्रिलमध्ये हत्याराच्या लढाईसाठी स्टुडिओने प्रीतीला बोलावणे पाठवले. तिने दोन गोष्टी विचारल्या. मारणारा कोण आहे, हा पहिला प्रश्न. मी नाव कळवले. दुसरी गोष्ट अट होती: प्रत्येक टेकनंतर वार कोणत्या आकड्यावर आला ते कागदावर लिहायचे आणि खाली मारणाऱ्याने सही करायची. आमच्याकडे अशी पद्धत नव्हती. इमरानने तक्ता आखला.

तिसऱ्या सोमवारी ती नऊला दहा मिनिटे कमी असताना आली. काम सहा वाजता संपले. दिवसभरात तेवीस टेक झाले. तक्त्यावर तेवीस सह्या आहेत.